लाल नर, तपकिरी मादी आणि न दुखलेली छाती



जानेवारीच्या सुरुवातीला लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत गेले आणि मार्चच्या मध्यावर सांगलीला परत आले. मधल्या काळात इथे माझा एकही लेख आला नाही, त्यामुळे अनेकांनी विचारलं, "डॉक्टरबाई, दोन महिने तिकडे केलंत काय?" खरं उत्तर असं की नातवाला तेल लावलं, लेकीला आळिवाची खीर करून घातली आणि उरलेला वेळ स्वयंपाकघराच्या खिडकीतून पक्षी बघितले. आजचा लेख त्या पक्ष्यांवर आहे. तो आरोग्यावरही आहे, पण तिथे पोचायला मला जसा वेळ लागला तसा तुम्हालाही थोडा लागेल. जरा धीर धरा.

खिडकीतल्या 'चिमण्या'

लेक न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहते. घरामागे छोटं अंगण आहे आणि जावयाने तिथल्या झाडाला दाण्याच्या दोन नळ्या टांगल्या आहेत. तिकडे त्याला बर्ड फीडर म्हणतात. एका नळीत सूर्यफुलाच्या काळ्या बिया आणि दुसऱ्या, बारीक जाळीच्या नळीत काळे, लांबट, अगदी बारीक दाणे. बाहेर बर्फ, झाडं निष्पर्ण, रस्त्यावर माणूस नाही. आपल्याकडच्या ओपीडीतून उठून गेलेल्या माणसाला ती शांतता पहिले चार दिवस अंगावर येते. त्या नळ्यांवर तेवढी हालचाल असायची, म्हणून मी तिकडे बघायला लागले.

"चिमण्या बऱ्याच आहेत गं तुमच्याकडे," मी म्हटलं.

"आई, त्या सगळ्या चिमण्या नाहीत. बरेचसे फिंच आहेत," लेक म्हणाली. यापुढे तिलाही फारसं माहीत नव्हतं.

शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी राहतात. शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या, आता निवृत्त. बाळ बघायला आल्या, तेव्हा त्यांनी मला खिडकीला नाक लावून उभी असलेली पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या जुनी दुर्बीण आणि एक वापरून मऊ झालेलं पुस्तक घेऊन आल्या. रॉजर टोरी पीटरसन यांची पक्षी ओळखण्याची मार्गदर्शिका. ती पहिल्यांदा १९३४ साली निघाली. पीटरसन यांची युक्ती साधी होती. प्रत्येक पक्ष्याचं चित्र काढायचं आणि त्याला दुसऱ्यापासून वेगळं करणाऱ्या खुणेवर बारीक बाण रोखायचा. अख्खा पक्षी पाठ करायची गरज नाही, बाण कुठे आहे तेवढं बघायचं. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला असं पुस्तक मिळालं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं.

पहिला पक्षी मी अर्ध्या तासात शिकले. हाऊस फिंचचा नर. आकाराने चिमणीएवढा, पण कपाळ, गळा आणि छाती लाल. डोक्यावर मात्र तपकिरी टोपी आणि दोन्ही कुशींवर तपकिरी रेघोट्या. हा लाल रंग त्याचा स्वतःचा नाही, अन्नातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांतून तो येतो. म्हणजे गाजर-टोमॅटोला रंग देणारी जी द्रव्यं असतात, त्याच कुळातली. म्हणून एक नर गडद लाल दिसतो, दुसरा नारिंगी, तर एखादा चक्क पिवळट.

गंमत म्हणजे हा पक्षी न्यू जर्सीचा मूळ रहिवासीच नव्हे. तो अमेरिकेच्या पश्चिम भागातला आणि मेक्सिकोतला. न्यूयॉर्कच्या दुकानांत तो 'हॉलिवूड फिंच' या नावाने पिंजऱ्यात विकला जायचा. हा व्यापार बेकायदा असल्याचं पुढे आलं तेव्हा, १९४० च्या सुमारास, विक्रेत्यांनी लाँग आयलंडवर पक्षी सोडून दिले. त्यांची पिल्लावळ आज सगळ्या पूर्व अमेरिकेत आहे. आणि अंगणातली खरी चिमणी, म्हणजे आपल्या वाड्यातलीच ती, १८५० च्या दशकात युरोपातून ब्रुकलिनमध्ये आणून सोडलेली. त्या नळीवर बसणारे निम्मे पक्षी असे बाहेरून येऊन स्थिरावलेले होते. खिडकीच्या आतली आमची माणसंही तशीच, असं मी लेकीला म्हटलं तेव्हा ती बऱ्याच दिवसांनी मोकळेपणाने हसली.

जानेवारीच्या शेवटी मला वाटलं, आता आपल्याला येतं. "आज आठ हाऊस फिंच," मी आजींना सांगितलं.

त्यांनी दुर्बीण लावली. "सात. तो उजवीकडचा नीट बघा. कुशीवर रेघोट्या आहेत?"

नव्हत्या. आणि लाल रंग छातीपुरता थांबलेला नव्हता. डोकं, पाठ, सगळीकडे तो पसरला होता, द्राक्षाच्या रसात बुडवून काढल्यासारखा. तो पर्पल फिंच होता, थंडीत उत्तरेकडून खाली येणारा. मी लाल रंग बघितला, नाव ठोकलं आणि पुढचं बघायचं थांबवलं. आमच्या वैद्यकात या चुकीला नाव आहे. पहिल्या खुणेला नांगर टाकायचा आणि मग होडी तिथून हलवायचीच नाही.

कारळ्याचा वास

एकदा जाळीची नळी भरायचं काम माझ्याकडे आलं. पिशवी उघडली, चिमूटभर दाणे हातावर घेतले आणि मी थबकले. हे तर कारळे!

पिशवीवर 'नायजर' असं नाव होतं. पण तेच ते, आपले कारळे, कुणी खुरासणी म्हणतात. भारतात आणि इथिओपियात हे पीक पूर्वापार होतं आणि अमेरिकेतल्या पक्ष्यांसाठी ते बाहेरून नेलं जातं. सोबत आलेल्या तणाचं बी तिथे रुजू नये म्हणून दाणे आधी तापवतात. आपल्याकडच्या डोंगरउतारावर पिवळ्या फुलांनी भरून जाणारी शेतं आणि न्यू जर्सीच्या बर्फात त्या दाण्याला चिकटलेला गोल्डफिंच. हा गोल्डफिंच न्यू जर्सीचा राज्यपक्षी. उन्हाळ्यात त्याचा नर हळदीसारखा पिवळा असतो, पण मी बघितला तेव्हा हिवाळ्यातल्या मळकट शेवाळी पिसांत होता.

मी दाणे तळहातावर चोळून हुंगले. कच्च्या कारळ्यांना भाजलेल्यांचा खमंगपणा नसतो. तरी मला एकदम एक बरणी आठवली आणि त्या बरणीमागची बाई.

त्यांना आपण काकू म्हणू या. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घरून पोळीभाजीचे डबे देणाऱ्या काकू दर दिवाळीला माझ्याकडे फराळासोबत कारळ्याच्या चटणीची छोटी बरणी आणून द्यायच्या, स्वतः. मागच्या दिवाळीतही बरणी आली, पण ती त्यांचा मुलगा घेऊन आला. आईला जिना चढायची मनाई आहे, असं तो म्हणाला. मी बरणी घेतली आणि कपाटात ठेवली. सांगलीहून निघाले तेव्हाही ती तशीच, न उघडलेली होती.

एकच प्रश्न

गणपतीचे दिवस होते. तापाची साथ, संध्याकाळची ओपीडी, बाहेर बसायला जागा नाही. काकू आल्या. वय ५४, मधुमेह नऊ वर्षांपासून. म्हणाल्या, "दोन दिवस झाले, पोट गच्च वाटतंय, मळमळतंय. पाठीत भरून येतं, जबडाही अवघडलाय. दाढेचं काही असेल. आणि डबे घेऊन जिना चढले की मटकन बसावंसं वाटतं."

आज हे वाक्य लिहिताना मला त्यातली प्रत्येक खूण बाण मारल्यासारखी दिसते. तेव्हा मी विचारलं, "छातीत दुखतंय का?"

"नाही."

बस. त्या एका 'नाही'वर मी दार लावून टाकलं. नाडी थोडी जलद होती, ती मी जिन्याच्या आणि गर्दीच्या नावावर टाकली. ॲसिडिटीची आणि उलटीची गोळी लिहून दिली, तेलकट खाऊ नका म्हणून सांगितलं. ईसीजीचं मशीन माझ्या टेबलापासून सहा फुटांवर होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांना धाप लागली. घरच्यांनी हॉस्पिटलमध्ये नेलं. हार्ट अटॅक होता, तोही ताजा नव्हे, आधीच सुरू झालेला. अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. पण हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग तोवर गेला होता. हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं रक्त प्रत्येक ठोक्याला जितकं बाहेर फेकलं जातं, ते प्रमाण साधारणपणे ५५ टक्के किंवा त्याहून जास्त असतं. काकूंचं ३५ वर आलं होतं. डब्यांचा व्यवसाय बंद झाला.

मी भेटायला गेले. काय बोलावं ते सुचत नव्हतं. काकूंनीच माझा हात धरला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मला छातीत दुखलंच नव्हतं, मग तुम्हाला तरी कसं कळणार?"

त्या वाक्याने मला माफ केलं होतं. पण ते खरं नव्हतं, आणि ते खरं नाही हे आम्हा दोघींपैकी फक्त मला माहीत होतं.

चित्रातला पुढचा पक्षी

आता परत खिडकीशी येऊ.

फेब्रुवारीत एका सकाळी आजींनी विचारलं, "आज किती?"

"नऊ हाऊस फिंच, एक पर्पल."

"म्हणजे नऊ नर. माद्या किती?"

माद्या मी मोजल्याच नव्हत्या. एक महिनाभर रोज बघत होते आणि माझ्या वहीत एकही मादी नव्हती. तपकिरी पक्षी दिसले की मी 'इतर' म्हणून सोडून देत होते. पुस्तकाचं पान उघडलं. त्या पानावर लाल नर चटकन डोळ्यात भरतो. शेजारी तपकिरी मादी असते, तिच्यावरही बाण असतात. माझी नजर तिथे थांबलीच नव्हती.

मग आजींनी मला तपकिरी पक्षी शिकवले. तीन आठवडे तेच. ते असे:

• छातीवर रेघोट्याच नाहीत, सपाट भुरा रंग, डोळ्यामागे फिकट पट्टा: आपल्या चिमणीची मादी.

• छातीवर पुसट, शाई पसरल्यासारख्या रेघोट्या आणि चेहरा अगदी साधा, कसलीच खूण नसलेला: हाऊस फिंचची मादी.

• रेघोट्या गडद आणि रेखीव, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई, गालावर गडद डाग: पर्पल फिंचची मादी.

• अंगभर रेघोट्या, पण चोच बारीक, टोकदार आणि पंखात पिवळी झाक: पाइन सिस्किन. हे काही हिवाळ्यांतच मोठ्या संख्येने खाली येतात.

लाल नर ओळखायला दोन सेकंद लागतात. तपकिरी मादी ओळखायला थांबावं लागतं. एक खूण पुरत नाही, चार खुणा एकत्र बघाव्या लागतात. ती अवघड आहे असं नाही, तिच्याकडे बघायची सवय नसते इतकंच.

त्या रात्री नातवाला थोपटत बसले असताना मला काकूंची केस वेगळी दिसायला लागली.

हार्ट अटॅकचं आमच्या डोक्यातलं चित्र काय असतं? पन्नाशीचा, जरा जाड पुरुष, घामाघूम, मूठ छातीवर दाबलेली. हे चित्र खोटं नाही. पण ते पुढच्या पक्ष्याचं चित्र आहे. ते असं का झालं, यालाही इतिहास आहे. अमेरिकेत १९७७ साली औषध प्रशासनाने मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना काढली. ती १९९३ साली मागे घेतली गेली. हृदयविकाराच्या कितीतरी मोठ्या अभ्यासांत पुरुषच जास्त होते. हृदयरोगतज्ज्ञ बर्नाडिन हीली यांनी १९९१ साली याच अन्यायावर बोट ठेवलं. बाईचा आजार पुरुषासारखा दिसल्याशिवाय तिला पुरुषासारखे उपचार मिळत नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता.

इथे एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका. स्त्रियांना हार्ट अटॅकमध्ये छातीत त्रास होतच नाही, असं नाही. स्त्रियांतही छातीतली अस्वस्थता हेच सर्वांत जास्त आढळणारं लक्षण आहे. फरक असा की स्त्रियांमध्ये त्याच्या जोडीला धाप, मळमळ, पाठ-मान-जबड्यात भरून येणं, प्रचंड थकवा ही लक्षणं जास्त वेळा असतात आणि कधी कधी तीच पुढे येऊन बसतात. मधुमेह असेल तर चित्र आणखी पुसट होतं, मग बाई असो की पुरुष. छातीदुखीविषयीच्या २०२१ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा लक्षणांना 'अनियमित' म्हणणं सोडून द्या, असं डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं आहे. बरोबरच आहे. जगातल्या अर्ध्या माणसांच्या लक्षणांना अनियमित कसं म्हणायचं? मादी हा पक्ष्याचा अनियमित प्रकार नसतो.

आणि हे सगळं मला वाचून माहीत होतं. मी एमडी आहे, स्वतः बाई आहे, पन्नाशीची आहे. काकूंच्या आणि माझ्या वयात फारसं अंतर नाही. तरीही गर्दीच्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांनी लाल रंगच शोधला. माहीत असणं आणि दिसणं यात हे एवढं अंतर असतं.

उडून न जाणारी

फेब्रुवारीच्या अखेरीस लेक बाळाला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी होती. "आई, ही बघ किती धीट आहे. मी काच वाजवली तरी उडाली नाही."

मी बघितलं. हाऊस फिंचची मादी. पिसं फुगवून, मान आत घेऊन ती नळीच्या दांडीवर बसून होती. निरोगी लहान पक्षी इतका निवांत कधीच नसतो. दुर्बीण लावली. उजवा डोळा सुजलेला, कडेला खपली धरलेली, जवळजवळ मिटलेला.

आजींना फोन केला, त्यांनी लगेच ओळखलं. हा फिंचचा डोळ्यांचा आजार. मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम नावाच्या, मुळात कोंबड्यांत आढळणाऱ्या जिवाणूमुळे होणारा. १९९४ च्या हिवाळ्यात तो वॉशिंग्टन शहराच्या परिसरातल्या हाऊस फिंचमध्ये लोकांच्या लक्षात आला आणि काही वर्षांतच सगळ्या पूर्व अमेरिकेत पसरला. पक्ष्यांची संख्या खूप घटली. काही पक्षी यातून बरे होतात, पण दिसत नसल्याने अनेक उपाशी मरतात किंवा मांजराच्या तोंडी जातात. माणसाला हा आजार होत असल्याचं आढळलेलं नाही, तरी फीडर हाताळल्यावर हात साबणाने धुवायचेच.

नळीच्या ज्या भोकात एक पक्षी डोकं घालतो, तिथेच दुसरा घालतो. आमच्या ओपीडीच्या बाकासारखंच ते. मदतीची जागा हीच संसर्गाची जागा होते. आम्ही दोन्ही नळ्या उतरवल्या, नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून दहा मिनिटं बुडवल्या, खळखळून धुऊन पूर्ण वाळवल्या आणि दोन आठवडे टांगल्याच नाहीत. खाली पडलेली टरफलं गोळा करून टाकली. लेकीला वाईट वाटत होतं. "आपण खायला घातलं म्हणून झालं का गं?" मी म्हटलं, "खायला घातलं यात चूक काही नाही. खायला घालायचं तर नळी धुवायला हवी आणि कोण शांत बसलंय तिकडे लक्ष ठेवायला हवं."

ती मादी दोन दिवस कुंपणाखाली दिसली. मग दिसली नाही.

मला राहून राहून एकच वाटत होतं. ती जानेवारीत आली असती तर मला दिसलीच नसती. तपकिरी होती, आणि गप्प होती.

आता काय बदललं

परत आल्यावर ओपीडीत मी एक गोष्ट बदलली. चाळिशीपुढची बाई 'गॅस', 'पाठ भरून आली', 'जीव गळून गेलाय' म्हणत आली आणि तिला मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा मिश्री, घरात हृदयविकार यांपैकी काही असेल, तर गोळी लिहायच्या आधी ईसीजी. गर्दी असो, नसो. पुरुषांसाठी हे मी पूर्वीपासून करत होते, हेही प्रामाणिकपणे सांगते.

आतापर्यंतचे सगळे ईसीजी नॉर्मल आले. काही जणी वैतागल्याही, "साधं पित्त झालंय तर हे कशाला?" ते मला मान्य आहे. अंगणात येणारे बहुतेक तपकिरी पक्षी हाऊस फिंचच निघतात. तरी भुवई बघावी लागते.

तुम्ही एवढं लक्षात ठेवा:

• प्रत्येक पित्त म्हणजे हार्ट अटॅक नव्हे. पण नेहमीच्या पित्तापेक्षा वेगळं वाटतंय, चालताना किंवा जिना चढताना वाढतंय आणि बसल्यावर कमी होतंय, तर ते पोटाचं आहे असं गृहीत धरू नका.

• जबडा, मान, पाठ, कोणताही हात किंवा पोटाचा वरचा भाग जड होणं, जोडीला घाम, मळमळ, धाप किंवा कारण नसताना गळून जाणं, असं असेल तर त्याच दिवशी नव्हे, त्याच तासाला दाखवा. १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

• ॲसिडिटीच्या गोळीने बरं वाटलं म्हणून हृदय ठीक आहे असं सिद्ध होत नाही.

• एक ईसीजी नॉर्मल आला तरी त्रास चालू असेल तर तो पुन्हा काढावा लागतो आणि ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणीही लागते. डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका.

• गरोदरपणात ज्यांना मधुमेह किंवा वाढलेला रक्तदाब झाला होता, त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो. मुलं मोठी झाली तरी ही गोष्ट डॉक्टरांना सांगा.

• आणि घरातल्यांनो, जी बाई कधी तक्रार करत नाही ती आज कामाच्या मध्येच खाली बसली असेल, तर तिच्या शांतपणाला धीटपणा समजू नका.

शेवटी एक.

हा लेख लिहायची परवानगी मागायला मागच्या आठवड्यात काकूंकडे गेले. त्या पलंगावर बसून मेथी निवडत होत्या. तब्येत आधीपेक्षा बरी आहे, औषधं नियमित चालू आहेत, घरातल्या घरात चालतात. मी त्यांना सप्टेंबरात विचारायला हवं होतं ते आता विचारलं. "छातीत दुखत नव्हतं हे मला माहीत आहे. पण मग छातीत काय होत होतं?"

त्या लगेच म्हणाल्या, "उरावर पाटा ठेवल्यासारखं वाटत होतं. दोन दिवस."

मला काही क्षण बोलता आलं नाही. "मग तेव्हा सांगितलं का नाहीत?"

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडं आश्चर्य होतं. "तुम्ही दुखतंय का विचारलंत ना. दुखत नव्हतं."

आपल्या भाषेत छाती दुखते, तशीच ती जड होते, आवळते, दडपते, भरून येते, तिच्यावर पाटा ठेवला जातो. हे सगळे शब्द मला लहानपणापासून येतात. मी फक्त एकच विचारला होता. आता मी 'छातीत दुखतंय का' असं विचारत नाही. 'छातीत कसं वाटतंय' असं विचारते आणि उत्तर संपेपर्यंत थांबते.

काकूंनी परवानगी दिली. म्हणाल्या, "लिहा. आणि पाट्याचं नक्की लिहा. बायकांना ते लगेच कळेल."

घरी येऊन चटणीची बरणी उघडली.